विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला गेला, मागे राहिलेल्यांचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडियन सुपर लीगमधल्या एखाद्या संघाने शहर बदललं, की मराठी फुटबॉलप्रेमींच्या गप्पांत विम्बल्डन या इंग्लिश क्लबाचं नाव निघतंच. त्या प्रकरणाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लिहिणारा तटस्थ नाही, मागे राहिलेल्या चाहत्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

विम्बल्डन म्हणजे टेनिस ना? तिथे फुटबॉल क्लब कुठला?

टेनिसवाल्या विम्बल्डनच्याच भागात, दक्षिण लंडनमध्ये, १८८९ साली हा क्लब सुरू झाला. १९१२ पासून त्याचं मैदान होतं प्लाउ लेन. कित्येक दशकं तो हौशी पातळीवरच खेळत होता. १९७७ मध्ये त्याला व्यावसायिक फुटबॉल लीगच्या चौथ्या श्रेणीत प्रवेश मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, तो पहिल्या श्रेणीत पोहोचला. १४ मे १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडच्या मानाच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलला १-० हरवलं. लॉरी सांचेझने हेडरवर गोल केला आणि डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या कप फायनलमध्ये पेनल्टी अडवण्याची ती पहिलीच वेळ. त्या काळचं लिव्हरपूल काय ताकदीचं होतं हे ठाऊक असलेल्यांना आजही तो निकाल वाचून अंगावर काटा येतो.

मग एवढा चांगला चाललेला क्लब उठून गेलाच कसा?

एका रात्रीत नाही. आधी मैदान गेलं, क्लब त्यानंतर बारा वर्षांनी गेला. अशा प्रकरणांत बहुतेकदा हाच क्रम असतो.

एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात ९७ चाहत्यांचा जीव गेला. त्यानंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणीतल्या क्लबांना मैदानात सगळ्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या बसवणं भाग पाडलं. प्लाउ लेन लहान आणि जुनं होतं. ते सुधारणं परवडणार नाही, असं सांगून मालकांनी १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून नेला. सोय तात्पुरती, असं तेव्हा सगळे धरून चालले होते.

तात्पुरत्याची बारा वर्षं झाली. दुसऱ्याच्या मैदानावर सामना बघायला लोक किती येणार? जानेवारी १९९३ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या प्रीमियर लीग सामन्याला जेमतेम ३,०३९ प्रेक्षक होते. मालक सॅम हमाम यांनी मधल्या काळात क्लब थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनला नेण्याचीही कल्पना मांडून पाहिली. १९९७ मध्ये नॉर्वेचे दोन उद्योगपती क्लबमध्ये आले. १९९८ मध्ये प्लाउ लेनची जागा सेफवे या सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. १४ मे २००० रोजी, कप जिंकल्याला बरोबर बारा वर्षं झाली त्याच तारखेला, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. आता त्याच्याकडे स्वतःचं मैदान नव्हतं, टीव्हीचे मोठे पैसे नव्हते आणि तोटा चढत होता.

मिल्टन कीन्सच का?

लंडनच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर १९६७ मध्ये आखून वसवलेलं हे नवं शहर. वस्ती झपाट्याने वाढत होती आणि लीगमधला एकही फुटबॉल क्लब तिथे नव्हता. उद्योजक पीट विंकलमन यांच्या पुढाकाराने एका गटाला तिथे मोठं स्टेडियम आणि शेजारी मोठी दुकानं उभारायची होती. स्टेडियम हवं तर त्यात खेळायला लीगमधला क्लब हवा. खालून सुरुवात करून वर यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून तयार क्लबाचा शोध सुरू झाला. ऑगस्ट २००१ मध्ये विम्बल्डनचे अध्यक्ष चार्ल्स कॉपल यांनी तिकडे जाण्याचा बेत जाहीर केला.

लीगने परवानगी दिली?

लीगने नकारच दिला होता. क्लबने दाद मागितली, लवादापर्यंत प्रकरण गेलं आणि शेवटी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांखाली तीन जणांचा आयोग बसला. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला मान्यता दिली. क्लब दिवाळखोरीत निघेल आणि दुसरा मार्ग नाही, हा मुख्य आधार होता.

त्या निकालपत्रात एक वाक्य होतं. चाहत्यांनी राखेतून नवा क्लब उभा करून अगदी तळापासून सुरुवात करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, अशा आशयाचं. विम्बल्डनच्या लोकांना ते वाक्य आजही तोंडपाठ आहे. मलाही निकालापेक्षा ते वाक्य जास्त लागतं. आर्थिक अडचण खरी होती, ती नाकारता येत नाही. पण आपल्या पोरांना हाताला धरून मैदानावर नेणाऱ्या माणसांनी आपल्या गावात क्लब काढणं खेळाच्या हिताविरुद्ध कसं असेल?

चाहते काय करत होते? नुसते बघत बसले?

अजिबात नाही. मोर्चे, निषेध, सह्यांच्या मोहिमा, लीगच्या अधिकाऱ्यांकडे खेटे, सगळं झालं. इतर क्लबांचे चाहतेही त्यांच्या बाजूने उभे राहिले, कारण आज विम्बल्डन तर उद्या आपण, हे त्यांना कळत होतं. निकालानंतर बहुतेकांनी जुन्या क्लबाकडे पाठ फिरवली. क्लब आणखी एक मोसम सेलहर्स्ट पार्कवरच खेळत होता आणि ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. हा दुसऱ्या श्रेणीतला व्यावसायिक सामना होता.

नवा क्लब नेमका कसा सुरू झाला?

निकालानंतर दोनच दिवसांनी, ३० मे २००२ रोजी, चाहत्यांची सभा भरली. क्रिस स्ट्युअर्ट, मार्क जोन्स, ट्रेव्हर विल्यम्स आणि आयव्हर हेलर ही पुढाकार घेणारी मंडळी. अपील करायचं, पुन्हा भांडायचं की स्वतःचा क्लब काढायचा, यावर बोलणं झालं. भांडून दमलोय, आता फुटबॉल बघायचंय, असं स्ट्युअर्ट म्हणाले आणि सभेचा कौल ठरला. नाव ठेवलं एएफसी विम्बल्डन.

क्लब तर झाला, पण संघ कुठे होता? महिनाभराने, २९ जून रोजी, विम्बल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी ठेवली. कॉमन म्हणजे लोक कुत्री फिरवायला आणतात ते सार्वजनिक माळरान. ज्याला वाटेल त्याने बूट घेऊन यावं, असं जाहीर आवाहन होतं आणि २३० जण आले. ओळखीपाळखीचा व्यावसायिक खेळाडू नाही, मैदानाला कुंपण नाही, कडेने गावातली माणसं उभी. चौदा वर्षं देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळलेल्या क्लबाचे वारस गवतावर असे निवडले जात होते. १० जुलैला सटन युनायटेडच्या मैदानावर पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. संघ ४-० हरला. बघायला ४,६५७ लोक आले होते.

नवव्या श्रेणीत खेळणारा संघ बघायला एवढे लोक?

हो, आणि पुढेही येत राहिले. पहिल्या मोसमात घरच्या सामन्यांची सरासरी तीन हजारांवर होती. कंबाइंड काउंटीज लीगमधल्या ज्या क्लबांच्या सामन्यांना शंभरेक माणसं जमायची, तिथे हे हजारोंनी पोहोचायचे. यजमानांच्या चहाच्या टपरीवरचा माल संपून जायचा, अशा आठवणी सांगितल्या जातात. दुसऱ्या मोसमात ४६ पैकी ४२ सामने जिंकले, चार बरोबरीत सुटले, एकही हरले नाहीत. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ मध्ये सलग ७८ लीग सामने अपराजित राहण्याचा विक्रम झाला.

क्लबाची मालकी डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेकडे आहे (‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं टोपणनाव). सभासदाकडे पैसा किती हे बघितलं जात नाही, प्रत्येकाला एकच मत. मे २०११ मध्ये मँचेस्टरला ल्युटन टाउनविरुद्धचा प्लेऑफ, म्हणजे बढती ठरवणारा सामना, पेनल्टींवर जिंकून हा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. नऊ मोसमांत पाच वेळा बढती. खेळाच्या हिताचं नाही म्हटलेला क्लब तो हाच.

मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबाचं पुढे काय झालं?

सप्टेंबर २००३ पासून तो तिथल्या हॉकी स्टेडियमवर खेळू लागला, २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स झाला आणि २००७ मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला. ऑगस्ट २०१४ मध्ये लीग कपात त्याने मँचेस्टर युनायटेडला ४-० धुतलं. ही कामगिरी मोठीच होती, ती मान्य न करणं कोतेपणाचं ठरेल.

तिथल्या चाहत्यांचा काय दोष?

काहीच नाही. मिल्टन कीन्समध्ये २००५ साली जन्मलेल्या मुलाने आपल्या गावच्या संघावर जीव टाकला तर त्याने कोणाचं काही चोरलेलं नाही. दोष व्यवहार करणाऱ्यांचा आणि त्याला शिक्का देणाऱ्यांचा. पण विम्बल्डनचा चाहता ‘डॉन्स’ हे नाव त्यांच्या तोंडून ऐकून आजही चिडतो, आणि त्याला सोडून दे म्हणायचा हक्क आपल्याला नाही. दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले ते डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपात. एमके डॉन्सने शेवटच्या क्षणी गोल करून २-१ असा सामना मारला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, एएफसी विम्बल्डनने त्यांच्याच मैदानावर ३-२ असा पहिला विजय मिळवला.

१९८८ चा कप आता कोणाचा?

बराच काळ हा सगळ्यात दुखरा प्रश्न होता. कायद्याने क्लबाची कंपनी उत्तरेला गेली होती, म्हणजे कपाटातली चषकंही तिकडेच. चाहत्यांच्या राष्ट्रीय महासंघाने मध्यस्थी केली. २००६ मध्ये समझोता झाला आणि २००७ मध्ये एमके डॉन्सने जुन्या क्लबाची चषकं आणि स्मृतिचिन्हं विम्बल्डन ज्या मर्टन बरोमध्ये येतं तिथल्या कौन्सिलच्या स्वाधीन केली. २००४ पूर्वीच्या इतिहासावरचा दावाही सोडला. इतिहास परत मिळवलेली अशी उदाहरणं फार थोडी आहेत.

क्लब प्लाउ लेनला परतला का?

परतला. जुनं मैदान २००२ मध्ये पाडलं गेलं. तिथे आता सदनिका आहेत आणि त्या संकुलाला एडी रेनॉल्ड्स या जुन्या खेळाडूचं नाव दिलेलं आहे. त्याच रस्त्यावर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, ग्रेहाउंड शर्यतींच्या स्टेडियमच्या जागी नवं मैदान बांधलं.

पैसे कमी पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायची वेळ आली होती. तेव्हा चाहत्यांनीच रोखे काढले. व्याजाचा दर घेणाऱ्याने स्वतः ठरवायचा, नको असेल तर शून्य. २०२० मध्ये या रोख्यांतून ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टरविरुद्ध पहिला सामना झाला, २-२. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. २९ वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस लोकांनी घरी बसून पडद्यावर पाहिला. ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

म्हणजे चाहत्यांची मालकी हा रामबाण उपाय?

नाही. पैशाची ओढाताण कायमची. आणि एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. घराबाहेर असताना एएफसी विम्बल्डनने किंग्जमेडो हे मैदान घेतलं होतं. तिथे मूळचा किंग्स्टोनियन हा छोटा क्लब भाडेकरू म्हणून खेळत असे. प्लाउ लेनसाठी किंग्जमेडो चेल्सीला विकलं गेलं आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला ते सोडावं लागलं. ज्यांचं घर गेलं त्यांच्या घरवापसीत दुसऱ्याचं घर गेलं. विम्बल्डनवर प्रेम करणाऱ्यांनीही हे झाकू नये.

अमेरिकेत तर संघ सर्रास शहर बदलतात. तिथले लोक रडत बसत नाहीत, मग इथेच एवढा गाजावाजा का?

रडतात. आपल्यापर्यंत आवाज पोहोचत नाही इतकंच. १९५७ च्या मोसमानंतर बेसबॉलचा डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, त्याची सल ब्रुकलिनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

बाल्टिमोरचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. मार्च १९८४ मध्ये राज्य सरकार कायदा करून कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघच ताब्यात घेईल, या धास्तीने मालक रॉबर्ट अर्से यांनी मध्यरात्री मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक बोलावले. बर्फ पडत होता. सकाळ व्हायच्या आत सामानसुमान इंडियानापोलिसच्या वाटेला लागलं. संघाच्या बँड पथकाचे गणवेश मात्र वाचले, कारण ते नेमके ड्रायक्लीनिंगला गेले होते. त्या पथकाने ते गणवेश अंगावर चढवले आणि संघ नसतानाही वाजवत राहिले, इतरांच्या सामन्यांत, मिरवणुकांत. १९९६ मध्ये बाल्टिमोरला रेव्हन्स हा नवा संघ मिळाला. तो आला क्लीव्हलंडहून, म्हणजे आता दुसऱ्या गावाच्या घरात सुतक. फरक एवढाच की क्लीव्हलंडने भांडून ब्राउन्स हे नाव, रंग आणि इतिहास स्वतःकडे ठेवला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने संघ परत मिळवला.

ओकलंडने तर काही वर्षांतच तीन संघ गमावले. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला. बेसबॉलच्या ॲथलेटिक्सचा घरचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला, तेव्हा मैदानात ४६,८८९ लोक होते. आपल्याला सोडून चाललेल्या संघाला निरोप द्यायला.

अमेरिकी लीग बंदिस्त असतात. संघांची संख्या ठरलेली, बढती-घसरण नाही. संघ गेला की दुसरा संघ देणं लीगच्या मर्जीवर. विम्बल्डनच्या लोकांकडे निदान तळापासून वर चढायचा जिना होता.

आपल्याकडे असं झालंय का?

झालंय. पुण्यात. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत सुरू झाला आणि बालेवाडीत खेळत असे. २०१७-१८ च्या मोसमात मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोरावर त्याने उपांत्य फेरी गाठली. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बंगळुरूविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने खेळ संपवला. पुढच्या वर्षी मालक आर्थिक अडचणीत आले, क्लब बंद झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. मार्सेलिन्यो आणि प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडे गेले. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.

मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. आणि २०२५ मध्ये हाच क्लब हैदराबाद सोडून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्यातून गेलेली जागा हैदराबादमार्गे दिल्लीत, जिथून सहा वर्षांपूर्वी एक संघ गेला होता.

मग पुण्यातल्या चाहत्यांनी विम्बल्डनसारखं का केलं नाही?

हा प्रश्न अन्यायाचा आहे. विम्बल्डनमागे ११३ वर्षं होती, आजोबांपासून चालत आलेलं वेड होतं. पुणे सिटीला पाच मोसम मिळाले. त्याआधीचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा, म्हणजे सुपर लीगच्या आधीपासूनच्या राष्ट्रीय लीगचा, उपविजेता होता, तोही २०१५ मध्ये बंद पडला. मुळं धरायला वेळच दिला गेला नाही.

त्याहून मोठं कारण रचनेचं. २०१९ मध्ये पुण्यातल्या शे-दोनशे वेड्यांनी क्लब काढला असता आणि तो जिल्हा लीगपासून जिंकत जिंकत वर आला असता, तरी सुपर लीगचं दार त्याला बंदच होतं. मैदानी कामगिरीवर वर येण्याची सोय आय-लीग विजेत्याला पहिल्यांदा २०२३ मध्ये मिळाली, तेव्हा पंजाबचा क्लब वर आला. चाहत्यांच्या निष्ठेला वर जायला वाटच नसेल, तर ती निष्ठा कमी होती असं म्हणू नये.

इंग्लंडमध्ये पुन्हा असं होऊ शकतं का?

फार अवघड आहे. २०२५ मध्ये तिथे फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. त्या कायद्याप्रमाणे घरचं मैदान विकायला किंवा सोडून जायला त्याची परवानगी लागते. चाहत्यांशी सल्लामसलतही बंधनकारक आहे.

सध्या दोन्ही क्लब कुठे आहेत?

एमके डॉन्स २०२३ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरला आणि २०२४ मध्ये मालक विंकलमन यांनी तो कुवेतमधल्या गटाला विकला. एएफसी विम्बल्डनने मे २०२५ मध्ये वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली.

आमच्या संघाबद्दल कुजबुज ऐकू येतेय. काय बघू?

सगळ्यात आधी मैदान. ते कोणाच्या नावावर आहे, भाडेकरार किती वर्षांचा आहे आणि तो कधी संपतो. क्लब एका कंपनीकडे आणि मैदान दुसऱ्या कंपनीकडे गेलं की सावध व्हा. मग नाव, बोधचिन्ह आणि रंग यांची नोंदणी कोणाकडे आहे ते पाहा. क्लीव्हलंड आणि (बास्केटबॉलचा संघ गमावलेल्या) सिॲटलसारख्या शहरांनी निदान नाव राखलं, ते या बाबीवर अडून बसल्यामुळे. ‘तात्पुरतं’ दुसरीकडे खेळणार असं जाहीर झालं, तर परतीची तारीख लेखी मागा. आणि चाहत्यांची नोंदणीकृत संस्था नसेल तर ती आजच काढा. विम्बल्डनकडे नवा क्लब काढायला दोन दिवस पुरले, कारण एकमेकांचे पत्ते, वर्गणी आणि विश्वास आधीपासून जमलेला होता.